बसवलेला माणूस

विद्यापीठाचा नाट्य-चित्रपट विभाग सुरू झाला तेव्हा त्याला मिळून दोन खोल्या होत्या, आणि त्याही भूगोलवाल्यांनी नको म्हणून सोडलेल्या. एकीत नकाशे टांगायचे खिळे तसेच होते. दुसरीत खिडकीखाली ओल होती आणि भिंतीपलीकडे व्यायामशाळा, त्यामुळे कुठल्याही करुण प्रसंगाच्या ऐन मध्यावर कुणीतरी लोखंडी वजन धाडकन जमिनीवर टाकायचं. त्या आवाजाला न दचकता रडायला शिकलेली पहिली तुकडी आता चांगलं नाव काढून आहे. आज विभागाला तीन मजले आहेत, काळ्या भिंतींचं छोटं नाट्यगृह आहे, संकलनाच्या थंडगार खोल्या आहेत, आणि विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात विभागाच्या पानावर सगळ्यात वर एकच वाक्य आहे : 'इथे आम्ही माणूस बघायला शिकवतो.'

वाक्य मॅडमचं. खरं म्हणजे विभागही मॅडमचाच. नेमणूक झाली तेव्हा त्या नवख्या होत्या, आणि 'नाचगाण्याला कशाला हवा विभाग' म्हणणारे गल्लोगल्ली होते. मॅडमनी कधी गोड बोलून, कधी भांडून, कधी कुलगुरूंच्या दाराबाहेर ठाण मांडून एकेक खोली पदरात पाडून घेतली. आता एकच गोष्ट राहिली होती. मागच्या मोकळ्या जागेवर चित्रपटासाठी स्वतंत्र इमारत. ती द्यायची की नाही हे ठरवायला बाहेरच्या जाणकारांची समिती यायची होती, आणि मॅडमना सध्या दुसरं काही सुचत नव्हतं.

तरी पहिल्या वर्षाचा अभिनयाचा वर्ग त्यांनी सोडला नव्हता. त्यातला खुर्चीचा पाठ तर त्या दुसऱ्या कुणाला घेऊच देत नसत. पाठ असा : वर्गाच्या मध्यभागी एक साधी, हात नसलेली लाकडी खुर्ची ठेवायची. विद्यार्थ्याने समोर उभं राहून आपल्या ओळखीचा एक माणूस तिच्यावर बसवायचा आणि त्याच्याशी बोलायचं. इतर ठिकाणी नाटकं बसवतात. मॅडमच्या वर्गात माणसं बसवत. "हातांपासून सुरू करा," मॅडम सांगायच्या. "चेहरा फसवतो. हात कुठे ठेवलेत ते बघा, मग माणूस आपोआप बसतो." आणि खरोखर बसायचा. एखाद्याने आपला मामा नीट बसवला की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा त्या मामाची नजर चुकवायची.

या पाठाचा एक नियम होता आणि तो मोडलेला मॅडमना खपत नसे. बसवलेल्या माणसाला उठवायचं, दारापर्यंत पोचवायचं, निरोप द्यायचा, आणि मगच जागेवर येऊन बसायचं. यात गूढ काही नव्हतं. मॅडमचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. "नळ उघडा टाकून न्हाणीघराबाहेर येता का?" त्या विचारायच्या. "मग मनाचाही टाकायचा नाही." पोरं हसायची आणि नियम पाळायची.

त्या सोमवारी पाळी घुमीची होती. खरं नाव हजेरीपुरतं; बोलायची इतकी कमी की पहिल्याच आठवड्यात वर्गाने तिचं नाव घुमी करून टाकलं. ती खुर्चीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"कोणाला बसवू, मॅडम?" ती शेवटी म्हणाली. "मला कोणी नाही."

पेन आणलं नाही म्हणावं, तितक्या सरळपणे म्हणाली. अनाथ मुलींच्या संस्थेत वाढलेली मुलगी होती, हे मॅडमना प्रवेशाच्या वेळेपासून माहीत होतं.

"कोणीतरी असतंच गं."

"नाही, मॅडम."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच की काय, मॅडम चिडल्या. "बस खाली. मी दाखवते," म्हणून त्या स्वतःच खुर्चीसमोर आल्या. एखादी शेजारीण बसवावी, दोन वाक्यं बोलावीत, पाठवून द्यावी, एवढंच मनात होतं. त्यांनी हातांपासून सुरुवात केली आणि हात आले ते दादाचे. जाड बोटं. एका करंगळीचं नख लहानपणी दारात सापडून कायमचं काळं पडलेलं. एकावर एक, मांडीवर ठेवलेले, बोलावणं येईपर्यंत थांबून राहिलेल्या माणसाचे.

"तू इथे कशाला आलास?" मॅडम म्हणाल्या. आवाज ठरवला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "तुला सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून. लोक बघतायत. हसू नकोस. गप्प बस जरा. कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

मागच्या रांगेत बसणारा उंच मुलगा, ज्याला सगळे उंट म्हणायचे, मान काढून पुढे झुकला. पहिल्या रांगेतल्या एकीने पाय आत घेतले, समोरच्याला अडचण नको म्हणून.

तेवढ्यात दार ढकलून कार्यालयातले भाऊसाहेब आत आले. "मॅडम, कुलसचिवांचा फोन आहे. समितीचा दिवस ठरला म्हणतात. लगेच या."

मॅडम तशाच गेल्या. फोन लांबला, त्यातून आणखी दोन कामं निघाली, पुढचा तास दुसऱ्यांचा होता. घरी जाताना खुर्ची त्यांच्या मनातसुद्धा नव्हती.

आता हा दादा कोण, ते सांगायला हवं, कारण विद्यापीठात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दादा म्हणजे मॅडमचा सख्खा मोठा भाऊ, त्यांच्याच घरी राहणारा. वडील गेले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि नकला करायला लागला. लग्नांत, गृहसंकुलांच्या कार्यक्रमांत, कंपन्यांच्या मेळाव्यांत. पुढारी, पोलीस, भांडणारे नवराबायको, घोरणारा सासरा, सगळे त्याच्या गळ्यात राहायचे. अंगात चमचमता कोट. विनोद असे की बायकांनी पदर तोंडाला लावावा. त्यावर घर चाललं आणि त्यावरच मॅडम शिकल्या, आणि शिकल्या त्या इतक्या की त्यांना त्या कोटाची लाज वाटायला लागली. नाट्यगृहाच्या उद्घाटनाला तो न बोलावता आला होता. व्हरांड्यात त्याने कुलगुरूंच्या नाक शिंकरण्याची नक्कल केली, चार लोक खदखदून हसले आणि कुलगुरू मागे वळले. मॅडमनी त्याच्याकडे पाठ केली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, तू तिथे येत जाऊ नकोस."

"बरं," दादा म्हणाला.

तो खरंच पुन्हा आला नाही. उलट पुढे घरी कुणी विद्यापीठातलं यायचं झालं की स्वतःच उठायचा, "मी आपला विंगेत बसतो, चिमे," म्हणायचा आणि मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायचा. पाहुणे जाईपर्यंत खोकायचासुद्धा नाही. कुणी विचारलंच तर मॅडम सांगायच्या, मी एकटीच असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना भावाची लाज वाटत होती, आणि तो ती लाज इतक्या समजुतीने सांभाळून घेत होता याची तर जास्तच वाटत होती.

मंगळवारी सकाळी मॅडम वर्गात आल्या तेव्हा झाडणाऱ्या बाई खुर्चीभोवतीची जमीन झाडत होत्या. एरवी त्या खुर्ची उचलून भिंतीला लावायच्या. आज त्यांनी तिच्या पायांशी झाडू थांबवला, वाट बघितली, आणि मग खालून हलक्या हाताने कचरा ओढून घेतला.

पोरं आली. कुणी खुर्चीवर पिशवी टाकली नाही. कुणी तिला टेकलं नाही. दारातून खिडकीकडे जाणारा सरळ रस्ता खुर्चीसमोरून जातो, पण सगळे मागून वळसा घालून जात होते. उंटाचा धक्का लागला तेव्हा तो "सॉरी" म्हणाला.

"कोणाला म्हणालास?" मॅडमनी विचारलं.

उंट गोंधळला. "असंच, मॅडम. तोंडात आलं."

मॅडम हसल्या. पाठ चांगला वठला की पोरांच्या अंगात तो दिवसभर राहतो, हे त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. निरोप द्यायचा राहिला, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. पण वर्गासमोर पुन्हा त्याच्याशी बोलायचं म्हणजे हा कोण हे विचारलं जाणार. त्यांनी पुढचा धडा सुरू केला.

गुरुवारी कॅमेरासर त्यांच्या खोलीत आले. हे छायाचित्रण शिकवायचे. माणूस अबोल, पण चौकट वाकडी दिसली तर रात्री झोप न येणारा. समितीला दाखवायला त्यांची मुलं विभागावर एक छोटी फिल्म करत होती.

"मॅडम, जरा बघा," म्हणून त्यांनी संगणक पुढे सरकवला. जिना, ग्रंथालय, नृत्याचा वर्ग, गाण्याचा रियाज. सगळं स्वच्छ, उजेड सुंदर. फक्त प्रत्येक चित्रात उजव्या बाजूला रिकामी जागा होती. बसलेल्या माणसापुरती.

"पोरांना चौकट कळत नाही असं नाही," कॅमेरासर म्हणाले. "तिघांनी वेगवेगळं शूट केलंय. तिघांनीही तीच जागा सोडलीय. मी म्हटलं, का सोडलीत? तर म्हणतात, सर, कापले गेले असते."

"कोण कापलं गेलं असतं?"

"तेच विचारलं मी. तेव्हा एकमेकांकडे बघत बसले."

त्यांनी शेवटचं चित्र लावलं. मॅडमचा वर्ग, मध्ये खुर्ची, मागे बोलणारी मुलं. मुलांचे चेहरे धूसर होते. सगळा फोकस खुर्चीच्या पाठीपासून वीतभर पुढे, हवेत धरलेला होता. कॅमेरासरांनी ते दोनदा दाखवलं, मग संगणक मिटून ते निघून गेले.

घरी मावशींनी टेबलावर एकच ताट मांडलं होतं. मावशी सकाळसंध्याकाळ यायच्या, स्वयंपाक करायच्या, आणि दादाशी त्यांची रोज एक तरी तू तू मैं मैं व्हायची.

"दादाचं ताट?"

"कोणाचं?" मावशी म्हणाल्या. मग कपाळावर हात मारला. "अगं बाई, विसरलेच बघा, ताई. वय झालं माझं."

मागच्या खोलीत दादा पलंगावर बसला होता. दिवा लावला नव्हता. मॅडम दारातून आत पाहून परत फिरणार होत्या, इतका तो लक्षात येत नव्हता.

"दमलास का?"

"बसून बसून दमलो. खुर्ची फार टणक आहे गं तुमची."

मॅडमचा हात दिव्याच्या बटणावर तसाच राहिला.

"कुठली खुर्ची?"

"पोरं चांगली आहेत," दादा म्हणाला. "तो उंच मुलगा फार नम्र. आणि ती एक गप्प गप्प असते ना, तिला मी हसवणार आहे एक दिवस." त्याचा आवाज अंगात सर्दी असल्यासारखा खोल गेला होता. "तू बोलावलंस म्हणून आलो. नाही तर मी कशाला येतो?"

"मी बोलावलं नाही, दादा."

"बोलावलंस की. तू इथे कशाला आलास, म्हणालीस. हसू नकोस, म्हणालीस. गप्प बस, म्हणालीस. एवढ्या मुलांसमोर." त्याने हात मांडीवर एकावर एक ठेवले. "पण चालतं. खुर्ची तरी दिलीस."

धरणी दुभंगावी आणि आत जावं, असं मॅडमना वाटलं. भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, आणि ती इतकी की दिवा लावायचं धाडस झालं नाही. उजेडात त्याच्याकडे बघावं लागलं असतं.

पुढचे दिवस मॅडम नजर ठेवून होत्या, आणि नजर ठेवावी तसं दिसत गेलं. विभागात खुर्ची भरत चालली होती आणि घरात खोली ओसरत चालली होती. दादा असायचा, पण तो आहे हे ठरवून आठवावं लागायचं. मावशींनी त्याचं अंथरूण आवरून कपाटात ठेवलं आणि पुन्हा "विसरले बघा" म्हणाल्या. शेजारचे काका रोज दुपारी त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला यायचे. ते लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "एकट्या माणसाला एवढं घर मोठंच पडत असेल, नाही?"

"एकटी कुठे? दादा आहे ना," असं मॅडमच्या ओठांवर आलं. पण काकांसोबत त्यांचा जावई होता, आणि तो जावई विद्यापीठात होता. लिफ्ट खाली पोचली.

मॅडम बुद्धिवादी होत्या, म्हणून त्यांनी बुद्धीनेच उपाय ठरवला. नळ उघडा राहिलाय, तर बंद करायचा. समितीच्या आदल्या दिवशी सकाळी, वर्ग भरायच्या आधी, त्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीतून ऊन आलं होतं. खुर्चीची सावली जमिनीवर पडली होती, आणि ती खुर्चीला असावी त्यापेक्षा रुंद होती. बाहेरच्या झाडामुळे तसं झालं असणार, असं त्यांनी ठरवलं.

उठ, म्हणायचं. दारापर्यंत जायचं. निरोप द्यायचा. पण निरोप देऊन पाठवायचं कुठे? घरी म्हणावं, तर ते घर कुणाचं ते सांगावं लागेल. नुसतं जा म्हटलं आणि तो खरंच गेला तर?

"दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

दार वाजलं. घुमी आत आली. तिच्या हातात चहाचा कप होता. मॅडमना बघून ती थबकली, पण मग आलीच. कप खुर्चीच्या पायाशी ठेवला, दांडी उजव्या हाताला येईल अशी वळवली आणि उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "यांना घ्यायला कोणी येत नाही का?"

मॅडमना उत्तर माहीत होतं. ते दोन शब्दांचं होतं. ते ऐकायला जगातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी तेवढी समोर होती. तरी ते बाहेर पडेना. उद्या समिती आहे, परवा सांगू, असं मनाशी म्हणून त्या म्हणाल्या, "वर्गाला वेळ आहे अजून. जा तू."

घुमी गेली. कपातली वाफ सरळ वर जाताजाता एकदा फुंकर मारल्यासारखी वाकली. मॅडम मागे वळून न बघता बाहेर पडल्या.

समिती दुपारी आली. भर उजेड, सगळी दारं-खिडक्या उघडी. तीन सदस्य आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हातारे, काटकुळे, उभं आयुष्य नाटकं बघण्यात घालवलेले. त्यांनी मान डोलावली की काम झालं, असं सगळीकडे बोललं जायचं. कुलगुरू स्वतः बरोबर होते. अध्यक्षांनी मजले चढून पाहिलं, नाचणाऱ्या मुलींना दोन प्रश्न विचारले, संकलनाच्या खोलीत थंडी वाजली म्हणून मफलर गुंडाळला. सगळं मॅडमच्या मनासारखं चाललं होतं. फिल्मसुद्धा त्यांना आवडली.

शेवटी सगळे मॅडमच्या वर्गात आले. घुमीला भाऊसाहेबांनी चहा आणायला खाली पाठवलं होतं. बाकी मुलं भिंतीलगत बसली होती. मॅडमनी विभागाचा हेतू सांगितला. रंगमंच असो की कॅमेरा, आधी माणूस बघता आला पाहिजे, मग बाकी सगळं. बोलताना त्या खुर्चीकडे पाठ करून उभ्या होत्या.

"फार छान," अध्यक्ष म्हणाले. "वाक्यं सगळेच लिहितात, पण तुमच्या मुलांच्या फिल्ममध्ये ते दिसलं. या गृहस्थांना काय सुंदर टिपलंय प्रत्येक चित्रात. न सांगता, न मिरवता." त्यांनी मॅडमच्या खांद्यावरून पलीकडे बघून अदबीने मान लववली. "यांची ओळख मात्र करून दिली नाहीत तुम्ही. कोण हे?"

मुलं मॅडमकडे बघत होती. कॅमेरासर बघत होते. कुलगुरूंनी खुर्चीकडे पाहून कपाळाला आठी घातली. कुठे पाहिलंय बरं या माणसाला, असा त्यांचा चेहरा झाला.

मॅडम वळल्या.

त्यांना हात दिसले. मांडीवर, एकावर एक.

माझा भाऊ. एवढंच म्हणायचं होतं.

"कोणी नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "सरावाची खुर्ची आहे. रिकामीच असते."

खुर्चीचं लाकूड एकदा करकरलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "खरंच की," ते म्हणाले आणि हसले. "म्हाताऱ्या डोळ्यांना काय काय दिसतं."

सगळे हसले. उंट जागेवरून उठला, सरळ खुर्चीसमोरून चालत आला आणि त्याने आपली पिशवी तिच्यावर टाकली.

मॅडम मध्येच घरी गेल्या. कुलगुरू चहाला थांबा म्हणत होते, पण आपण काय उत्तर दिलं ते मॅडमना नंतर आठवलं नाही.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत विभागाचे जुने पडदे, गुंडाळलेली भित्तिपत्रकं, मोडके दिवे. कोंदट कापडाचा वास. पलंग नव्हता.

"मावशी, दादा कुठंय?"

मावशी ओले हात पुसत आल्या. त्यांनी मॅडमच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोण दादा, ताई?"

"या खोलीतला."

"इथे तुमचं सामान असतं. मी आले तेव्हापासून." मावशींनी खुर्ची ओढली. "बसा. पाणी देते. तुम्ही एकट्याच ना, जिवाला फार लावून घेता."

मॅडम बसल्या. डोळे मिटून त्यांनी हातांपासून सुरुवात केली. जाड बोटं आली. काळं नख आलं.

उजव्या हाताचं की डाव्या?

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी बोटंही आली नाहीत.

इमारत मंजूर झाली. मागच्या जागेवर चुन्याच्या रेघा पडल्या, खोदकाम सुरू झालं, आणि मॅडमचं कौतुक करणारा लेख विद्यापीठाच्या अंकात आला. त्या रोज वर्ग घेत होत्या. खुर्चीचा पाठ त्यांनी दुसऱ्या शिक्षकांकडे दिला होता. का दिला, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगायला तोंड नव्हतं.

एका दुपारी घुमी त्यांच्या खोलीत आली. तिने केस बांधले होते आणि चेहरा उजळला होता. "मॅडम, शेवटच्या तासाला नाही बसले तर चालेल? दादा आलाय."

"कोणाचा दादा?"

"माझा," घुमी म्हणाली, आणि हसली. मॅडमनी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. "तुम्हाला सांगितलं नाही का मी? सगळ्यांना सांगत सुटलेय. नकला करतो तो. आमच्या वसतिगृहातल्या पोरी काल हसून हसून लोळल्या. त्याला म्हटलंय, दर शनिवारी यायचं. मोठा कार्यक्रमच ठेवणार आहे मी त्याचा, इथे नाट्यगृहात. तुम्ही परवानगी द्याल ना?"

मॅडमना मान हलवणं जमलं. ती कशी हलली ते त्यांना कळलं नाही, पण घुमीने त्याचा अर्थ होकार घेतला.

"काल त्याने तुमचीपण नक्कल केली," ती जरा लाजून म्हणाली. "रागावू नका. वाईट नाही केली, मायेनेच केली. पण काय हुबेहूब, मॅडम. डोळे मिटले तर तुम्हीच."

"काय म्हणून दाखवलं?"

"एवढंच. 'कोणी नाही, सर. रिकामीच असते.'" घुमीने खांदे उडवले. "आम्हाला काही संदर्भ कळला नाही. तुम्ही कधी म्हणालात असं?"

मॅडमनी टेबलावरचे कागद पुढे ओढले.

"जाते मी. उन्हात उभा असेल तो," म्हणून ती पळालीच. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मॅडम खिडकीशी गेल्या. खाली फाटकापाशी चुन्याची पोती रचलेली होती आणि ऊन रखरखत होतं. फाटकावरच्या वॉचमनने आपलं स्टूल भिंतीच्या सावलीत सरकवून दिलं होतं. तो स्वतः उन्हात, टोपी हातात धरून उभा होता, आणि त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून पोट धरधरून हसत होता.